मांजरीहून कसब्यात, टायर घेऊन

मी भूगोल शिकवते आणि सुट्टी मिळाली की प्रवासाला निघते. स्पितीत लोण्याचा चहा प्यायले आहे, भूतानच्या एका खिंडीत बर्फात अडकून पडले आहे. पण मांजरी मी पाहिली नव्हती. नारायण पेठेतल्या माझ्या घरापासून ती इतकी जवळ आहे की जाण्यासाठी सामान बांधावं लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच जाणं होत नव्हतं. माझी शाळेपासूनची मैत्रीण शुभांगी लग्न होऊन तिथल्या एका शेतकरी घरात गेली, त्यालाही आता वीसेक वर्षं झाली. दर वेळी तीच माझ्याकडे यायची.

या दिवाळीनंतर मात्र कारण निघालं. शुभांगीच्या मुलीला, ऋतुजाला, रत्नागिरीच्या एका कॉलेजात मत्स्यविज्ञानाला प्रवेश मिळाला. सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा जाणार. गाड्यांची तिकिटं मिळेनात. शुभांगीच्या नवऱ्याला हलता येईना, कारण ऊसतोडीची टोळी नेमकी त्याच आठवड्यात त्यांच्या शेतावर आली होती, आणि आलेली टोळी परत पाठवली की ऊस उभाच राहतो. मी म्हटलं, माझी गाडी आहे, मला रजा आहे, कुंभार्ली घाट मला बघायचाच होता. रविवारी पहाटे आपण तिघी मांजरीहूनच निघू.

शुक्रवार, मांजरी

हडपसरपर्यंतचा प्रवास वर्णन करण्यात अर्थ नाही. पुण्यात राहणाऱ्यांना तो पाठ आहे आणि बाहेरच्यांचा त्यावर विश्वास बसणार नाही. हडपसर सोडून मांजरीकडे वळलं की मात्र बघण्यासारखं सुरू होतं. एका हाताला तुरे आलेला ऊस, आणि उसाच्या वर, जणू त्यातूनच उगवल्यासारख्या, वीस-वीस मजली इमारती. त्यांच्या फाटकावर पोहण्याच्या तलावाची जाहिरात, आणि फाटकासमोर उसाचे वाढे खात उभी असलेली बैलजोडी. तोडलेल्या उसाचा ओलसर गोड वास गाडीच्या काचा बंद असूनही आत येत होता.

त्या वासात आणि त्या इमारतींत माझं लक्ष गुंतलं असतानाच समोरून उसाची ट्रॉली आली. रस्ता नवा, काँक्रीटचा, पण अरुंद. मी डावीकडे घेतलं. काँक्रीटची कड कच्च्या जमिनीपासून चांगली वीतभर उंच होती. चाक खाली उतरलं आणि परत वर चढताना असा दणका बसला की डॅशबोर्डवरचा चष्मा माझ्या मांडीत पडला. गाडी मात्र सरळ चालत राहिली. मीही चालवत राहिले.

शुभांगीच्या अंगणात तिचे सासरे, आप्पा, बाजेवर बसले होते. पंच्याहत्तरीचे, ताठ, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी माझ्याकडे बघण्याआधी चाकाकडे बघितलं.

"कुटं धडकली?"

"धडकले नाही, आप्पा. रस्त्याची कड लागली."

"कड लागली म्हंजी धडकलीच की," ते म्हणाले, आणि मग, "ये, बस."

रात्रीच्या जेवणाला शुभांगीनं मासवडी केली होती. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते: शिजवलेल्या बेसनाच्या पातळ थापीत तीळ, खोबरं, लसूण यांचं सारण भरून वळतात, वड्या पाडतात आणि काळ्या मसाल्याच्या जाळ रश्शात बुडवून खातात. माशाशी संबंध फक्त आकाराचा. आमच्या पेठेत आमटीत गूळ पडतो. इथला रस्सा मी पहिल्या घासाला प्यायले आणि दुसऱ्या घासापर्यंत मला काही बोलता आलं नाही. आप्पांनी ताकाचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

"मासवडीत मासा नावालाच हाय, म्हणून गोड मानतोय," मग ते म्हणाले. "माळकऱ्याच्या घरातली पोरगी आता खरोखरचे मासे शिकणार."

"खायला नाही शिकत, आप्पा," ऋतुजा म्हणाली. "वाढवायला शिकतेय. त्यांचे रोग, त्यांचं खाणं, त्यांचं पाणी."

"वाढवून मंग कुणाच्या ताटात जातंय त्ये? शिकायचं तर ऊस शीक. उसाची एवढी मोठी संस्था दारात हाय. रत्नागिरी काय दारात हाय व्हय?"

हे बोलणं त्या घरात बरेच दिवस चाललं असावं, कारण शुभांगीनं मान वर न करता सगळ्यांना भाकरी वाढली आणि विषय तव्यावरच संपवला.

शनिवार सकाळ

सकाळी गाडी डाव्या बाजूला कलली होती. पुढचं डावं चाक पार जमिनीला टेकलेलं.

आप्पा तोंडात कडुलिंबाची काडी धरून शेजारी उभे होते. "बग," ते म्हणाले, "गाडीच न्हाय म्हंतीया. घाट उतरायचाय, तीन माणसाचा जीव हाय. आवंदा ऱ्हाऊ दे. पुढच्या वर्षी बगू."

ऋतुजा पायरीवर उभी होती. तिची बॅग आदल्या दिवसापासूनच दाराशी भरून ठेवलेली होती. पुढच्या वर्षी म्हणजे काय, हे तिला आणि मला दोघींना कळत होतं. पुढच्या वर्षी स्थळं बघतात.

"टायरच आहे, आप्पा," मी म्हटलं. "दुरुस्त होईल, नाहीतर बदलू."

"कोन ठरवणार दुरुस्त का बदल? शहरात समदे फसिवत्यात. मी येतो."

असे आम्ही दोघं, घरच्या पंपानं चाकात तात्पुरती हवा भरून, निघालो. आधी गावच्या फाट्यावरचा पंक्चरवाला. हा माणूस केरळचा, पण बोलणं हडपसरचं. त्यानं चाक पाण्याच्या टाकीत फिरवलं, बुडबुडे शोधले आणि पक्कडीनं एक स्क्रू ओढून काढला. रबराची चिकट वात त्या भोकात खुपसली, हवा भरली, झालं.

"झालं ना?" आप्पांनी विचारलं. मला वाटलं होतं ते खूश होतील. ते जरासे हिरमुसलेच.

पण मला चैन पडेना. स्क्रू टोचल्यावर दणका बसत नाही. मग कालच्या दणक्यानं काय केलं? मी चाकापुढे उकिडवी बसले. टायरच्या बाजूच्या भिंतीवर, कंपनीच्या नावाशेजारी, खरचटल्याची खूण होती. तिथून हात फिरवला तर तळव्याला काहीतरी लागलं. कपाळाला मार लागल्यावर येतं तसं बारीक टेंगूळ.

"हे काय आहे?"

पंक्चरवाल्यानं अंगठा लावला. "ते असतं मॅडम, कंपनीचं. जोड असतो टायरला. चालतंय."

"घाटात?"

त्यानं खांदे उडवले. त्याचं उत्तर खोटं होतं असं मी म्हणणार नाही. टायरच्या भिंतीला जोडाची हलकीशी खाच दिसते कधी कधी, आणि ती निर्धोक असते, हे मला नंतर कळलं. पण माझ्या हाताला खाच लागली नव्हती, उंचवटा लागला होता. मी स्टेपनी बसवून घेतली आणि तो टायर डिकीत टाकला.

हडपसरला एका चकचकीत दुकानात गेलो. थंडगार हवा, भिंतीवर टायर चित्रांसारखे मांडलेले. तिथल्या तरुणानं डिकीतल्या टायरकडे एकदा पाहिलं आणि मग गाडीभोवती फेरी मारली.

"मॅम, सेफ्टी इश्यू आहे. चारही रिप्लेस करून टाका. अलाइनमेंट आपण फ्री देतोय."

"बाकीच्या तिघांना काय झालंय?"

"झालं काही नाही मॅम. पण कशाला रिस्क?"

बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "एकाला काय बी दिसंना, दुसऱ्याला समदंच दिसाया लागलं. आता?"

मी आमच्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत खाली राहणाऱ्या दामलेकाकांना फोन लावला. त्यांच्याकडे एक जुनी गाडी आहे आणि ती अजून चालते, एवढाच त्यांचा या विषयातला अधिकार.

"प्रश्न टायरचा आहे की विश्वासाचा?" काकांनी सगळं ऐकून विचारलं.

"टायरचा."

"मग कसब्यात सुमनताईंकडे जा. विश्वासाचा असता तर देवळंही तिथंच आहेत."

कसबा पेठ

कसब्यात गाडी नेणं हा स्वतंत्र साहसी प्रकार आहे, आणि मी त्यात भाग घेत नाही. नदीच्या बाजूला जागा मिळाली तिथे गाडी लावली. टायर उचलायला गेले तर आप्पांनी मला बाजूला केलं, तो जमिनीवर उभा केला आणि तळहातानं ढकलत चालू लागले. काल मला धडकलीस का म्हणून विचारणारा माणूस कसब्याच्या बोळांतून मोटारीचा टायर लहान पोरासारखा पळवत होता. एका वळणावर तो निसटला आणि एका भाजीवालीच्या मेथीच्या ढिगाशी जाऊन थांबला.

"गाडी कुठाय?" तिनं विचारलं.

"मागून येतीया," आप्पा म्हणाले, आणि तिनं हसून दोन जुड्या सरळ केल्या.

पुढे तांबट आळीतून ठोक्यांचा आवाज येत होता. आप्पा थांबले. एका दुकानात एक माणूस तांब्याच्या घंगाळाला ठोके घालत होता, एकाशेजारी एक, सगळे सारखे. आप्पांनी त्याला विचारलं की हे ठोके शोभेचे का. तो म्हणाला, शोभेचेही आहेत, पण ठोकल्यानं पत्रा घट्ट होतो. आप्पांनी घंगाळावर बोटं फिरवली. आपल्या मोरीत जन्मभर असलेल्या वस्तूकडे ते पहिल्यांदाच बघत असावेत. मीही.

सुमनताईंचं टायर दुरुस्तीचं दुकान म्हणजे बोळाच्या टोकाची एक खोली. साठी ओलांडलेल्या, कॉटनची साडी खोचलेली, चष्मा दोरीला. दुकान त्यांच्या वडिलांचं. दारावर पाटी होती: "टायर आणा. फोटो दाखवू नका."

मी नमस्कार केला. "दामलेकाकांनी पाठवलंय."

"त्यांची गाडी अजून चालते? आमचंच पाप," त्या म्हणाल्या. "काय झालं ते सांगू नका. आधी बघू, मग तुम्ही सांगा. नाहीतर माणूस सांगेल तेवढंच दिसतं."

त्यांनी टायर आडवा केला, हवा सोडली आणि पहारीनं रिमवरून अर्धा उतरवला. पंक्चरची जागा आतून दाखवली. स्क्रू मधल्या पट्ट्यात, जिथे नक्षी असते आणि रबर जाड असतं, तिथे शिरला होता. "ही जखम बरी होणारी आहे. नुसती वात घातलीय, ती तात्पुरती. आतून ठिगळ चिकटवलं की हा टायर झिजेपर्यंत तक्रार करणार नाही."

"मंग बदलायला नगं," आप्पा म्हणाले.

"थांबा की. हे बाहेरून आलेलं. आता आत झालेलं बघू." त्यांनी खुणेच्या जागी टायर फाकवला आणि दिवा आत धरला. "हात घाला."

आधी मी घातला. आतलं रबर तेलकट गुळगुळीत होतं. एका जागी मात्र बोटांखाली एक बारीक रेघ लागली, आणि रेघेच्या पलीकडे रबर पोकळ, मऊ. बाजूची भिंत तिथे दाबली की दबत होती.

"टायरच्या भिंतीत धागे असतात," सुमनताई म्हणाल्या. "कापडासारखे विणलेले. हवेचा भार रबर उचलत नाही, ते धागे उचलतात. कड लागली तेव्हा रिम आणि काँक्रीट यांच्यात ही भिंत चिमटली, धागे तुटले. आता तेवढ्या जागेला हवा एकट्या रबरावर टेकलीय, म्हणून ती बाहेर फुगते. आता सांगा, कड लागली होती ना?"

"लागली होती."

"ठिगळ लावा की आतनं," आप्पा म्हणाले. "आमच्या ट्रॅक्टरचा टायर आसाच फाटला व्हता. आतनं जाड पट्टी लावली, चार सालं वापरला."

"बरोबर केलंत. ट्रॅक्टर शेतात चालतो. फुटला तर तुम्ही खाली उतरून शिव्या देता. ही गाडी कुठं जाणार?"

"कुंभार्ली घाट," मी म्हटलं.

"घाटात भिंत दर वळणाला वाकते, सरळ होते, वाकते. ब्रेकनं तापते. त्यात हे टेंगूळ." त्यांनी आप्पांकडे पाहिलं. "आजोबा, तुम्हीही हात घाला. माझं ऐकून जाऊ नका."

आप्पांनी सदऱ्याची बाही वर केली. त्यांचा रापलेला हात कोपरापर्यंत टायरमध्ये गेला. ते हळूहळू चाचपत राहिले, जनावराच्या पोटाला हात लावून बघतात तसे. एका जागी हात थांबला. हात काढला आणि धोतराला पुसला, परत घातला, आणि त्याच जागी परत थांबला.

"गाडीत कोण बसणार आहे?" सुमनताईंनी विचारलं.

"नात," आप्पा म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे बघून, पण बहुतेक स्वतःलाच सांगितलं, "ह्यो टायर नीट हू नये आसंच वाटत व्हतं मला सकाळपास्न. वाटलं, घरी बसंल. मंग तिनं दुसऱ्या कुनाची गाडी केली आसती, त्या गाडीचं चाक मी बगितलंबी नसतं." त्यांनी बाही खाली केली. "नवा घे, पोरी. आजच घे."

सुमनताईंनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पुढचे दोन टायर जोडीनं बदला, एक नवा आणि एक झिजलेला असला की ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. उजवा टायर बरा असेल तर तो स्टेपनी करा. आणि आता ज्या स्टेपनीवर आलात तिचं वय बघा.

"ती नवीच आहे," मी म्हटलं. "गाडी घेतल्यापासून वापरलीच नाही."

"वापरली नाही म्हणजे नवी नाही. रबर नुसतं पडूनही कडक होतं. भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. वाचा जाऊन."

जुना टायर तिथेच ठेवून निघणार होतो. तेवढ्यात सुमनताईंनी रिम वेगळी करून माझ्या हातात दिली, मोठा सुरा घेतला आणि टेंगळाच्या जागी टायरची भिंत आरपार कापली. चांगला हातभर चीर पडली.

"हे कशापायी?" आप्पांनी विचारलं.

"नाहीतर कोणीतरी उचलून नेतो, काळा रंग लावतो आणि कोणा गरिबाच्या गाडीला विकतो. तिथंही कुणाची नात बसते."

गाडीशी परत आल्यावर मी गुडघ्यांवर बसून स्टेपनीचे आकडे वाचले. माझ्या गाडीइतकीच म्हातारी होती ती, आणि माझ्या गाडीनं आता दुसरीच्या वर्गातल्या मुलाइतकं वय गाठलं आहे. कडेला केसासारख्या भेगा होत्या. दर दिवाळीला मी डिकी पुसते तेव्हा त्या भेगा समोरच असायच्या.

नाना पेठेत दोन टायर घेतले, बसवले, उजवा जुना स्टेपनी झाला. चाक फिरवून तोल बघणाऱ्या यंत्रासमोर आप्पा मांडी घालून बसले, आणि रिमच्या कडेला शिशाचा इवलासा तुकडा चिकटवल्यावर चाकाची थरथर थांबते हे त्यांनी दोन्ही चाकांच्या वेळी वाकून पाहिलं. संध्याकाळी मांजरीत शिरताना ट्रॉली समोर आली. मी पूर्ण थांबले, ती जाऊ दिली, मग निघाले. आप्पांनी मान डोलावली.

रविवार, सोमवार

पहाटे ऋतुजा पाया पडली तेव्हा आप्पांनी अंगात स्वेटर घातलेला होता. "फाट्यापत्तुर येतो," म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसले. फाट्यावर म्हणाले, कात्रजपत्तुर. कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर शुभांगीनं मागून विचारलं, "आप्पा, इथं सोडू का?"

"हितं कशाला? हितं कोन वळखतं मला?"

उंब्रजला मिसळ खाताना त्यांनी घरी फोन करून सांगितलं की आपण जरा बाहेर गेलोय. कुंभार्लीच्या माथ्यावर मी गाडी थांबवली. खाली कोकण धुक्यात होतं, आणि वळणं एकाखाली एक उतरत गेलेली दिसत होती. आप्पा उतरले, चारही चाकांना तळवा लावून आले. "डावं जरा गरम हाय, पन सारखं गरम हाय," म्हणाले. घाट मी हळू उतरवला. चिपळूणला त्यांनी एक टॉवेल आणि एक बनियन घेतलं, म्हणजे मुक्कामाचं ठरलं.

सोमवारी सकाळी ऋतुजाची कागदपत्रं झाली, खोली मिळाली. आम्ही निघायचं म्हणून आवारात उभे होतो. इमारतीच्या मागे सिमेंटचे मोठे हौद होते, त्यांत पाणी सळसळत होतं. आप्पा तिकडे गेले ते परत येईनात. ऋतुजा आणि मी शोधायला गेलो तर ते हौदाच्या कठड्यावर ओणवे झाले होते. पाण्यात चांदीसारखे मासे एकाच दिशेनं वळत होते, थांबत होते, पुन्हा एकदम वळत होते.

"ह्यांना कसं कळतं समद्यांना एकदम?" त्यांनी विचारलं.

"काय माहीत, आप्पा," ऋतुजा म्हणाली.

"आन ह्ये खात्यात काय? झोपत्यात कवा?"

"मला अजून काहीच माहीत नाही," ती हसत म्हणाली. "आज तर आले."

आप्पा कठड्यावरून उठले नाहीत. मासे पलीकडे गेले आणि परत आले, तोवर ते बघत राहिले.

"मंग शीक लवकर," ते म्हणाले. "रोज रातच्याला फोन करून सांगायचं."